लाकडानेच लाकूड ठोकावे

सुताराच्या पेटीतली एखादी जुनी पटाशी घ्या आणि तिच्या मुठीचे वरचे टोक पाहा. टोक फुलारले असेल, तंतू बाहेर वळले असतील, मधोमध चीर गेली असेल, तर त्या मुठीवर वर्षानुवर्षे लोखंडी हातोडी चालली आहे. टोक नुसते गुळगुळीत आणि किंचित चपटे असेल, तर तिथे मोगरी वापरली गेली आहे. भोके दोन्ही पटाश्यांनी पाडली. पण एकीची मूठ निकामी झाली, दुसरीची शाबूत राहिली.

मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. घरी छोटी कार्यशाळा मांडणारे बहुतेक जण करवत, रंधा, पटाश्या विकत आणतात आणि ठोकायला घरातली लोखंडी हातोडीच उचलतात. खरे तर आपल्या हाताने करता येण्यासारखे पहिले हत्यार हेच आहे. एक ठोकळा आणि एक दांडा, एवढाच तिचा पसारा. पण ठोकळा कोणत्या लाकडाचा, तंतू कोणत्या दिशेने, भोक कोणत्या बाजूला निमुळते, या प्रत्येक प्रश्नाला पदार्थविज्ञानाचे नेमके उत्तर आहे.

घाव किती वेळ टिकतो

उदाहरणासाठी ६०० ग्रॅमची मोगरी घेऊ. सेकंदाला ५ मीटर वेगाने ती पटाशीवर आदळली, तर तिच्यात साडेसात ज्यूल ऊर्जा असते. ३०० ग्रॅमची लोखंडी हातोडी सेकंदाला ७ मीटर वेगाने मारली, तर तिच्यातही जवळपास तेवढीच ऊर्जा. मग फरक कुठे? एक फरक संवेगात, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारात. मोगरीचा संवेग ३, हातोडीचा २.१. जड आणि सावकाश येणारे हत्यार तेवढ्याच ऊर्जेत जास्त संवेग घेऊन येते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा: घाव किती वेळ टिकतो. पदार्थाचा ताठपणा गिगापास्कल या एककात मोजतात. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० आहे. लाकडाचा तंतूंच्या दिशेने १० ते १५ आणि तंतूंना आडवा जेमतेम १ च्या आसपास. ताठ पदार्थ दबत नाही, म्हणून त्याची टक्कर चटकन संपते. लाकूड किंचित दबते, परत उसळते आणि तेवढ्याने टक्कर लांबते. बल म्हणजे संवेगातला बदल भागिले त्याला लागलेला वेळ. मोगरी एका मिलिसेकंदात थांबली, तर सरासरी बल ३,००० न्यूटन भरेल. म्हणजे पटाशीवर क्षणभर ३०० किलोचा भार. तीच दोन मिलिसेकंदांत थांबली, तर भार निम्मा, पण दुप्पट वेळ. पटाशीच्या धारेला लाकडात शिरायला अचाट बल लागत नाही. पुरेसे बल पुरेसा वेळ मिळाले की ती पुढे सरकते. मूठ मात्र बलाच्या शिखरावर फुटते.

शिवाय दोन वस्तू आदळल्या की मऊ असते ती चेपते. लोखंड आणि लाकूड यांच्या सामन्यात चेपण्याची पाळी नेहमी मुठीवर येते. मोगरी वापरली की ती झीज दोघांत वाटली जाते. मोगरी आपण वखारीतल्या तुकड्यातून पुन्हा करू शकतो. चांगल्या पटाशीची मूठ बदलणे त्याहून किचकट. पत्र्याचे काम करणारे कारागीरही पत्रा सरळ करताना लाकडी मोगरी वापरतात, ती याच कारणाने: लाकूड पत्र्यापेक्षा मऊ, म्हणून पत्रा वळतो, पण त्यावर खळगा पडत नाही. रबरी हातोडा आणखी मऊ असतो. पण तो उसळतो आणि दिलेल्या ऊर्जेतला बराच भाग हातालाच परत करतो. आणि खिळ्याला मोगरी लावू नये. तिथे खिळ्याचे डोकेच मोगरीत रुतेल. लोखंडाला लोखंड, लाकडाला लाकूड.

वजन हवे, दगड नको

मोगरीचे लाकूड जड हवे, चिवट हवे आणि सहज न फुटणारे हवे. महाराष्ट्रात हे तिन्ही गुण बाभळीत एकत्र मिळतात. बैलगाडीचा तुंबा, आरे, नांगर यांसाठी शेतकऱ्यांनी बाभूळ पिढ्यानपिढ्या वापरली ती उगीच नव्हे. वाळलेल्या बाभळीचा एक घनसेंटिमीटर साधारण ०.८ ग्रॅम भरतो, सागाचा ०.६५ च्या आसपास. अंजनाचे गाभ्याचे लाकूड तर इतके घट्ट की ते पाण्यात बुडते. चिंचेच्या लाकडाच्या मोगऱ्या आणि घाण्याचे भाग पूर्वापार होत आले आहेत. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ते सरळ फाटत नाही.

डोक्यासाठी सरासरी १४ सेंटिमीटर लांब, ९ उंच आणि ६ जाड ठोकळा धरला, तर बाभळीचा सुमारे ६०० ग्रॅम भरतो. नेहमीच्या पटाशीकामाला हे वजन पुरते. सागाचा तेवढाच ठोकळा ५०० ग्रॅमच्या आत राहतो, म्हणून तो थोडा मोठा घ्यावा. दांड्यासाठी धामण मिळाली तर उत्तम. लवचीक आणि चिवट म्हणून हत्यारांच्या दांड्यांसाठी ती नावाजलेली आहे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. फांदीचा गोल ओंडका तसाच वापरू नये. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आटत नाही. खोडाच्या लांबीत ते जवळपास आटतच नाही. मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येत, थोडे आटते. आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. परीघ जास्त आटतो, त्रिज्या कमी. हा हिशेब जुळवायला ओंडक्यापुढे एकच वाट उरते: मध्यापासून सालीपर्यंत उभी भेग. म्हणून खोडाचा अगदी मधला, भेंडासारखा भाग ज्यात नाही असा, नीट वाळलेला तुकडा निवडावा. जुन्या गाडीचा, दाराच्या चौकटीचा किंवा पलंगाच्या पायाचा तुकडा सर्वांत बरा. त्याचे जे काय आटायचे ते आटून झालेले असते.

तंतू कोणत्या दिशेने

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या सूक्ष्म नळ्यांची जुडी. नळ्यांच्या भिंती सेल्युलोजच्या, त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन. नळ्या टोकाकडून दाबल्या तर त्या खांबासारख्या उभ्या राहतात. बाजूने दाबल्या तर चेपतात. तंतूंच्या दिशेने लाकूड जो दाब सोसते, तो आडव्या दिशेच्या साधारण पाच ते दहा पट असतो. म्हणून मोगरीच्या डोक्यात तंतू लांबीच्या दिशेने हवेत, म्हणजे ठोकणाऱ्या दोन्ही चेहऱ्यांवर नळ्यांची उघडी टोके येतात.

हे चेहरे मोठे असण्याचा फायदा वेगळाच आहे. पटाशी चालवताना नजर धारेवर असावी लागते, मुठीवर नाही. हातोडीचा रुपयाएवढा चेहरा न बघता नेमका बसत नाही. मोगरीचा तळहाताएवढा चेहरा चुकत नाही.

चेहरे दांड्याला समांतर नसावेत. हात कोपरापासून फिरतो, त्यामुळे मोगरी सरळ रेषेत न येता वर्तुळाच्या कंसावर येते. आदळताना चेहरा मुठीवर सपाट टेकायचा असेल, तर दोन्ही चेहऱ्यांच्या रेषा वाढवल्यावर कोपरापाशी मिळाल्या पाहिजेत. कोपरापासून डोक्याचे अंतर ६० सेंटिमीटर आणि डोक्याची निम्मी लांबी ७ सेंटिमीटर धरली, तर चेहऱ्याचा कल सहा-सात अंश येतो. म्हणजे डोके वरच्या अंगाला १५ सेंटिमीटर आणि दांड्याकडच्या अंगाला १३.

क्रिकेटच्या बॅटवर एक जागा अशी असते, की तिथे चेंडू बसला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. मोगरीतही अशी जागा असते. दांडा हलका आणि वजन डोक्यात असेल, तर ती जवळजवळ डोक्याच्या मध्यावरच येते. दांडा जड केला की ती हाताकडे सरकते आणि प्रत्येक घावाचा हादरा मनगटाला बसतो.

खिळा नाही, डिंक नाही

मोगरीतली सर्वांत मोठी हुशारी आहे ती दांडा बसवण्यात. भोक आरपार असते, पण वर रुंद आणि खाली अरुंद: खाली ३.२ सेंटिमीटर, वर ३.८. दांड्याचे टोकही तसेच निमुळते. दांडा वरून खाली ओवायचा. मोगरी फिरवली की डोके बाहेरच्या दिशेने सुटू पाहते. सेकंदाला ५ मीटर वेग आणि ६० सेंटिमीटर त्रिज्या असेल, तर ६०० ग्रॅमच्या डोक्याला धरून ठेवायला अडीच किलोच्या भाराइतके अभिकेंद्री बल लागते. निमुळत्या भोकात हेच बल डोक्याला दांड्यावर आणखी घट्ट बसवते. टिकावाचा दांडा जसा वरून घालतात, तेच हे तत्त्व.

हा उतार डोक्याच्या लांबीच्या दिशेनेच का ठेवायचा? याचे उत्तर हवेतल्या ओलाव्यात आहे. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात गेली की लाकडातला ओलावा हळूहळू २० टक्क्यांकडे सरकतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. या दोन टोकांमध्ये दांड्याची ३.८ सेंटिमीटर रुंदी सुमारे एक मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते. भोकाची त्या दिशेची लांबी मात्र डोक्याच्या तंतूंच्या बाजूने असते, आणि त्या दिशेने लाकूड हलतच नाही. सरळ भोक असते तर उन्हाळ्यात दांडा खुळखुळला असता. उतार असल्याने डोके किंचित वर सरकते आणि पुन्हा घट्ट होते. यासाठी दांड्याचे टोक वर दीड-दोन सेंटिमीटर बाहेर ठेवावे. दुसऱ्या बाजूला, म्हणजे भोकाच्या २ सेंटिमीटर रुंदीत, डोके आणि दांडा दोन्ही आडव्या तंतूंचे असल्याने बरोबरच आटतात आणि फुगतात.

सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची युक्ती खेड्यांत सर्रास चालते. दांडा फुगतो आणि सकाळी कुऱ्हाड घट्ट होते. पण लोखंडी भोक फुगत नसल्याने फुगलेल्या लाकडाच्या नळ्या आत चेपल्या जातात. दांडा वाळला की तो पूर्वीपेक्षाही बारीक झालेला असतो. मोगरीला ही युक्ती लावू नये. दांडा वरून ठोकला की पुरे.

घरी घडवताना

एकसंध ठोकळ्यात निमुळते भोक पाडणे नवख्याला जड जाते. त्याला सोपा पर्याय आहे: दोन-दोन सेंटिमीटर जाडीच्या तीन फळ्या घेऊन डोके चिकटवणे. मधल्या फळीत भोकाचा आकार आधीच करवतीने कापायचा, मग तिन्ही फळ्या फेविकॉलने जोडून रात्रभर क्लॅम्पमध्ये दाबून ठेवायच्या. तिन्हींचे तंतू एकाच दिशेने ठेवावेत. तंतूंच्या बाजूने नीट चिकटलेला सांधा बहुधा लाकडापेक्षाही मजबूत ठरतो. साग असेल तर चिकटवण्याच्या जरा आधी रंधा मारावा. त्यातले तेलकट घटक पृष्ठभागावर आले की गोंद धरत नाही.

दांडा ३६ सेंटिमीटरचा पुरे. त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हवेत. तंतू तिरके बाहेर पडत असतील तर तो तिथेच मोडणार. भोकात दांडा एकदम ठोकू नये. दांड्याला पेन्सिल घासून आत सरकवावा, काळे डाग उमटतील तेवढेच कानशीने काढावे, आणि सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे करावे. डोक्याच्या सगळ्या कडा रंध्याने तासून तिरप्या कराव्यात. काठावरच्या तंतूंना बाहेरून आधार नसल्याने पहिल्या काही घावांतच त्यांच्या ढलप्या उडतात. पॉलिश पेपर मारताना नाकाला मास्क आणि ठोकताना डोळ्यांना चष्मा असावा.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. हे तेल नुसते वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ओलाव्याची ये-जा मंदावते. चेहऱ्यांवर नळ्या उघड्या असल्याने तिथे तेल भरपूर मुरते. पण याच रासायनिक क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर ही उष्णता साठून त्या आपोआप पेटू शकतात. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.

मोगरी झिजणार हे गृहीत धरूनच ती करायची असते. प्राचीन इजिप्तच्या पाथरवटांच्या लाकडी मोगऱ्या संग्रहालयांत आहेत. छिन्नीवर आदळून आदळून त्यांच्या अंगाला खोल खळगे पडलेले दिसतात. हत्यार वाचवताना ठोकणाराने झिजायचे, ही वाटणी तेव्हाही होती.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत विज्ञान शिकता येते या विश्वासावर. मोगरी हा त्या विश्वासाचा स्वस्तात मस्त पुरावा आहे. संवेग, ताठपणा, अभिकेंद्री बल आणि आर्द्रता हे चार धडे एका ठोकळ्यात मावतात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे घर करण्याऐवजी मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली एक मोगरी करू द्यावी. घरातल्या मोठ्यांनीही नवी पटाशी विकत घेण्याआधी मोगरी करून घ्यावी. पटाशीची मूठ जास्त टिकेल आणि पुढच्या प्रत्येक कामात मोगरीच उपयोगी पडेल.