ल्योंचा दीपोत्सव कसा पाहावा

फ्रान्समधल्या ल्यों शहरात दरवर्षी ८ डिसेंबरच्या आसपास चार रात्री दीपोत्सव भरतो. तो नीट पाहायचा, तर तिथे दोन वेगळ्या रोषणाया असतात हे आधी समजून घ्यावं: एक घरांची, दुसरी नगरपालिकेची.

घरांची जुनी. १८५२ साली फुर्विएर टेकडीवरच्या चॅपेलवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरचा मुहूर्त सॉन नदीच्या पुरामुळे हुकला आणि ८ डिसेंबर ठरला. त्या दिवशीही वादळ आलं, ठरलेली रोषणाई बारगळण्याची चिन्हं दिसू लागली. संध्याकाळी आभाळ निवळलं, तसे लोकांनी आपणहून खिडक्यांत दिवे लावले. ती प्रथा आजही चालू आहे. पन्हाळी पाडलेल्या जाड काचेच्या छोट्या पेल्यात मेणबत्ती ठेवतात. ज्योतीला वारा कमी लागतो आणि काचेच्या धारांवर उजेड फुटून पसरतो. आपल्या पणत्यांसारखेच हे पेलेही ओळीनं मांडतात.

नगरपालिकेचा चार रात्रींचा उत्सव १९९९ पासूनचा. त्यात तेरो चौकातल्या किंवा सँ-झाँ कॅथेड्रलच्या भिंतीवर चित्रं हलतात. त्यासाठी आधी दर्शनी भिंतीचं बारीक मोजमाप घेऊन संगणकावर तिची प्रतिकृती करतात. कलाकार त्या प्रतिकृतीवरच चित्रफीत बेततात. म्हणून कोसळणारा खांब बरोबर खऱ्या खांबाच्या कडांत बसतो. एवढ्या मोठ्या भिंतीला एक प्रोजेक्टर पुरत नाही. अनेकांची चित्रं कडेला एकमेकांवर चढवतात आणि तिथला उजेड कमी करतात, म्हणजे सांधा दिसत नाही. खोलीचा भास समोरून पाहणाऱ्यासाठी रचलेला असतो. तेव्हा भिंतीला खेटून किंवा कडेला उभं न राहता मागे, मध्यावर जागा धरावी. खेळ काही मिनिटांचा असतो आणि पुन्हा पुन्हा दाखवतात. मध्येच पोहोचलात तर पुढचा पहिल्यापासून पाहा.

शनिवार-रविवारी लोटालोट होते. गर्दीच्या रस्त्यांवर चालणं एकाच दिशेनं ठेवतात आणि जवळची मेट्रो स्थानकं बंद असू शकतात, म्हणून वाट आधीच ठरवावी. गरम कपडे हवेतच.

तारीख निवडता आली तर ८ डिसेंबरच धरा आणि चौकांकडे वळण्याआधी राहत्या वस्तीतून एक फेरी मारा. २०१५ साली पॅरिसवरच्या हल्ल्यांनंतर मोठा उत्सव रद्द झाला, तरी ल्योंकरांनी मृतांच्या स्मरणार्थ खिडक्यांत दिवे लावले. प्रोजेक्टर नसले तरी हा सण होतो, कारण तो मुळात घरांचा आहे.