परसातला पिढीजात टोमॅटो

चिकूच्या वाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डहाणूत आणि शेजारच्या तलासरीत पिढीजात टोमॅटो, म्हणजे बी राखून वर्षानुवर्षे जपलेले सरळ वाण, परसबागेत घ्यायचे असतील तर पावसाळा ओसरल्यावरच रोपे लावणे हिताचे ठरते, कारण ओलसर हवेत पानांवर करपा पसरतो आणि उन्हाळ्यात तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की परागकण निकामी होऊन फुले गळतात. फोडी करण्याजोग्या मोठ्या फळाला पिकायला वेळ लागतो आणि पाणी कमीजास्त झाल्यास ते तडकते. म्हणून मुळाशी पेंढ्याचे आच्छादन व झाडाला बांबूचा भक्कम आधार हवाच.

फळाच्या टोकाशी लाली दिसू लागताच, म्हणजे इथिलीन या पिकवणाऱ्या वायूची निर्मिती वाढलेली असताना, ते तोडून सावलीत ठेवावे. लाल रंग देणारे लायकोपीन ३० अंशांवरील उष्णतेत नीट तयार होत नाही, हे येथील उन्हात विशेष महत्त्वाचे आहे. फ्रिज मात्र टाळावा, कारण थंडीत सुगंध देणारी संयुगे घटतात आणि सुगंध हाच या वाणांचा खरा ठेवा आहे. टोमॅटोचे फूल बहुधा स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, असल्याने निरोगी झाडावरच्या पूर्ण पिकलेल्या फळाचे बी दोन-तीन दिवस रसातच आंबवून, धुऊन वाळवले की पुढच्या हंगामात तेच वाण उगवते.