पट आणि फासा : हवामानबदलाच्या बालशिक्षणातील खेळरूपांचा विचार

सर्व शैक्षणिक स्तरांवर पर्यावरण हा विषय अनिवार्य करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. त्यानंतरच्या काळात हवामानबदल मुलांपर्यंत पोहोचविण्यासाठी चित्र, नाट्य आणि खेळ यांचा आधार घेतला जाऊ लागला. या उपक्रमांकडे प्रायः शिक्षणशास्त्राच्या अंगाने पाहिले जाते. परंतु खेळ हेही एक कथनरूप आहे. त्यात पात्रे असतात, घटनाक्रम असतो आणि घटनांमागे कार्यकारणभावाची एक निश्चित कल्पना गृहीत धरलेली असते. मूल संकटाचा कोणता अर्थ लावील, हे त्या कल्पनेवर अवलंबून राहते. म्हणून खेळाच्या निवडीचा प्रश्न तौलनिक साहित्याच्या कक्षेत येतो.

वर्गात सर्वांत सहजपणे स्वीकारला जाणारा नमुना सापशिडीचा आहे. झाड लावले की शिडी, प्लास्टिक जाळले की साप, अशी त्याची मांडणी असते. या मांडणीला दीर्घ परंपरा आहे. ज्ञानचौपडीचे बहात्तर घरांचे वैष्णव पट आणि चौऱ्याऐंशी घरांचे जैन पट प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात हाच खेळ मोक्षपट म्हणून ओळखला जातो व परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. या पटांवर साप दुर्गुणाचा आणि शिडी सद्गुणाची खूण असते. मात्र खेळाडू दुर्गुणाच्या घरात स्वेच्छेने जात नाही. दान पडेल तसा जातो. हे दान आणि हा दोष यांतील अंतर कर्मसिद्धान्त भरून काढतो. पडलेले दान हे पूर्वसंचिताचेच फळ मानले, की यदृच्छा आणि न्याय यांत विरोध उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडमध्ये गेला, तेव्हा आळस, अवज्ञा, उद्योग, काटकसर असे तेथील बालनीतीचे शब्द त्यावर आले. जन्मांतराची चौकट गळून पडली आणि केवळ बक्षीस व शिक्षा उरली.

हवामानबदलाच्या वर्गात येते ती हीच उरलेली चौकट, आणि तिथेच अडचण निर्माण होते. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळाने सुंदरबनातील बांध फुटले आणि शेतांत खारे पाणी शिरले. तेथील मुलाने कोणता अपराध केला होता? भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. सुंदरबनातील कोळ्याच्या किंवा मध गोळा करणाऱ्याच्या घराचा त्यातील वाटा तर नगण्यच. तरीही सापशिडीचा पट त्या मुलाला सांगतो, की ज्याला साप गिळतो त्याचेच काही चुकलेले असते. पाण्याचा नळ बंद ठेवण्याची सवय चांगलीच आहे. पण ती शिकवताना पीडिताला दोषी ठरविणारे कथन नकळत रुजविले जाते.

याला पर्याय असणारे रूपक फाशाचे आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ पासून ते वापरले. १९५१ ते १९८० या काळातील उन्हाळ्यांसाठी फाशाच्या दोन बाजू थंड, दोन सामान्य आणि दोन उष्ण मानल्या, तर पुढील काळात चार बाजू उष्ण झाल्या आहेत, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले. पूर्वी एक टक्क्याहून कमी भूभागावर आढळणारे अतितीव्र उष्ण उन्हाळे आता सुमारे दहा टक्के भूभाग व्यापतात, हेही त्यांनी नोंदविले.

ही कल्पना मुलांच्या हातात देता येते. दोन साध्या फाशांची बेरीज दहा किंवा अधिक आली की पूर, असा नियम घ्यावा. छत्तीसपैकी सहा वेळा, म्हणजे सहांत एकदा, पूर येईल. नंतर कोणतीही घोषणा न करता एका फाशाच्या जागी आठ बाजूंचा फासा ठेवावा. आता अठ्ठेचाळीसपैकी पंधरा वेळा, म्हणजे जवळजवळ तीनांत एकदा, पूर येतो. मुले तीच, नियम तोच. तरी गावे अधिक वेळा बुडतात. मग मूल विचारते, ‘फासा कोणी बदलला?’ सापशिडीचा पट हा प्रश्न उद्भवूच देत नाही.

भारतीय वाङ्मयाला हा प्रश्न अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी स्वतःच्याच व्यसनाने उद्ध्वस्त होतो; तेथे खेळणारा आणि भोगणारा एकच आहे. सभापर्वात मात्र खेळतात युधिष्ठिर आणि शकुनी, आणि पणाला लागते द्रौपदी. तिचा प्रश्न दानाविषयी नसून पण लावण्याच्या अधिकाराविषयी आहे, आणि सभेतील वडीलधारे त्याचे निःसंदिग्ध उत्तर देऊ शकत नाहीत. आजच्या मुलांची स्थिती अक्षसूक्तातील जुगाऱ्यापेक्षा द्रौपदीला जवळची आहे.

अर्थात फाशालाही मर्यादा आहे. तो संभाव्यता सांगतो, दुःख सांगत नाही. आणि फासा बदलणारा हात दाखवीत नाही. येथे चित्राचे साहाय्य घ्यावे लागते. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील पिंगला परिसरातील पटुआंनी २००४ च्या त्सुनामीवर पट रंगविले व ते गाऊन दाखविले. अलीकडची आपत्ती पारंपरिक कथनरूपात सामावते, याचा तो पुरावा आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीत चित्रे सुट्या पानांवर असतात. वर्गात हे रूप विशेष उपयोगी पडते. धुराडे, तापलेला समुद्र, वादळ, फुटलेला बांध, स्थलांतर अशी पाने मुलांनी रंगवावीत आणि कोणते पान आधी, कोणते नंतर, यावर वाद घालावा. सुटे पान जागा बदलू शकते. त्यामुळे कारणांची साखळी मुलाला तयार मिळत नाही, ती त्याला स्वतः रचावी लागते.

कला आणि खेळ यांनी विज्ञान सोपे होते, एवढेच त्यांचे समर्थन अपुरे आहे. दोष कोणाचा, भोग कोणाचा आणि बदल कोणाच्या हाती, या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची शक्ती ज्या रूपात आहे, तेच रूप मुलांच्या हाती द्यावयास हवे.