स्वयंपाकघरातला फिडलवादक

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावर, नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनीच्या काठाने अब्राम-व्हिलेज, माँ-कार्मेल, साँ-क्रिझोस्तोम अशी लहान गावे वसली आहेत. या टापूला एव्हांजलिन म्हणतात. येथले अकेडियन लोक फ्रेंच बोलतात, मासेमारी आणि बटाट्याची शेती करतात. त्यांच्यातला फिडलवादकही हेच करतो. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीताच्या अंगाने वाजवलेले. त्यावर पोट भरणारा माणूस या गावांत पूर्वी जवळजवळ नव्हताच. कोकणात सनई-चौघडा घडशी समाजाकडे वंशपरंपरेने असे, तसा मानपान किंवा हक्क फिडलवादकाच्या वाट्याला आला नाही. ज्याच्या बोटांत सूर, तो वादक. सकाळ झाली की तोच पुन्हा होडीवर किंवा शेतात.

या लोकांच्या वाट्याला आलेला इतिहास कठोर आहे. फ्रान्समधून आलेल्या त्यांच्या पूर्वजांनी १६०५ मध्ये आजच्या नोव्हा स्कोशियात पोर्ट रॉयल वसवले. तिथे समुद्राला बांध घालून त्यांनी खाजण जमिनी लागवडीखाली आणल्या. १७१३ च्या युट्रेख्टच्या तहाने तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १७५५ मध्ये अकेडियनांची हद्दपारी सुरू झाली. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर राहणाऱ्या अकेडियनांची पाळी १७५८ मध्ये आली. त्या वर्षी सुमारे तीन हजार माणसे जहाजांत कोंबून फ्रान्सकडे पाठवण्यात आली. त्यांपैकी ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही जहाजे डिसेंबरात अटलांटिकमध्ये बुडाली आणि शेकडो माणसे त्यांच्याबरोबर गेली. काहीजण जंगलांत लपून वाचले, काही पुढे परतले. पण १७६७ मध्ये ब्रिटिशांनी बेटाचे ६७ भाग पाडून सोडतीने आपल्या मर्जीतल्या माणसांना वाटून टाकले होते, त्यामुळे परतलेल्यांना कुळे म्हणून राहावे लागले. खंडाच्या कटकटीला कंटाळून माल्पेकच्या बाजूची काही कुटुंबे १८१२ मध्ये एग्मंट उपसागराच्या काठी सरकली. एव्हांजलिन टापूची सुरुवात या कुटुंबांपासून होते.

मोजक्या कुटुंबांतून वस्ती वाढल्याने आडनावेही मोजकी राहिली. आर्सेनो आणि गॅलंट ही दोन तर घरोघर. नुसत्या नावाने माणूस ओळखू येत नाही, म्हणून बापाचे, आजोबांचे नाव साखळीसारखे जोडून तो ओळखला जातो. गावात फिडलवादकाची ओळखही अशीच सांगतात, आणि अनेकदा त्या साखळीतच त्याचा गुरूही सापडतो.

शिकण्याची पद्धत मात्र साधी होती. मूल आईच्या किंवा आजीच्या तोंडून चाली ऐके. शब्दांशिवाय, नुसत्या बोलांनी संपूर्ण नाचाची चाल गाण्याची कला अकेडियन बायकांनी जोपासली होती. घरात फिडल नसले तरी या गाण्यावर नाच होत असे. भिंतीवर टांगलेले वडिलांचे वाद्य ते बाहेर असताना गुपचूप काढून वाजवणे, ही बेटावरच्या कितीतरी वादकांच्या बालपणीची गोष्ट आहे. मुलींच्या हाती फिडल क्वचितच पडे. त्यांना पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर साथीला बसवत. अनेक गुणी मुली अशा रीतीने कायम साथीतच राहिल्या, ही या परंपरेची खरोखरची हानी होय. स्वरलिपी फारच थोड्यांना येत होती. चाल कानाने धरायची आणि दुसऱ्या दिवशी काम करता करता मनात घोळवायची. त्यामुळे एकाच चालीची रूपे गावागणिक बदलत, आणि पुष्कळ चालींना नावच नसे.

वर्षाचे चक्र समुद्र ठरवी. सामुद्रधुनीच्या या बाजूला शेवंडांचा हंगाम ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. बटाटेही त्याच सुमारास निघतात. मग पाणी गोठते, होड्या किनाऱ्यावर चढतात आणि नाचाचे दिवस सुरू होतात. लग्ने बहुधा हिवाळ्यातच होत आणि दोन-तीन दिवस चालत. स्वयंपाकघर हीच घरातली मोठी, उबदार खोली. तिथले टेबल-खुर्च्या बाहेर काढून चार जोड्यांच्या नाचाला जागा केली जाई. फिडलवादक कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत वाजवत राही. नाचणाऱ्यांना विश्रांती मिळे, त्याला फारशी नाही. मोबदला म्हणजे टोपी फिरवून जमलेली चिल्लर, जेवण आणि पेयाचा ग्लास.

दोन फेब्रुवारीच्या ‘शांदलर’ या सणाची तर वेगळीच शान होती. त्याआधी तरुणांची टोळी घरोघर फिरून पीठ, मांस, बटाटे असा शिधा गोळा करी. म्होरक्याच्या हातात फितींनी सजवलेली काठी असे आणि तिच्या टोकावर कोंबडा. प्रत्येक घरी टोळी नाचायची, मग सणाच्या रात्री त्या शिध्यावर सगळ्या गावाची मेजवानी व्हायची आणि फिडल रात्रभर वाजायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही प्रथा बहुतेक गावांत ओसरली. चर्चने नाचाकडे कधी काणाडोळा केला, कधी त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मात्र नाच पूर्ण बंद असे.

ही वादनशैली ओळखू येते ती पायांवरून. वादक बसून वाजवतो आणि दोन्ही पायांच्या टाचा व चवडे आळीपाळीने लाकडी जमिनीवर आपटून अखंड लय धरतो. गर्दीच्या खोलीत एकटे फिडल ऐकू जाणे कठीण होते. साथीला कोणी नसले तर पायच तालवाद्य होत. हात एका वजनावर, पाय दुसऱ्या वजनावर आणि दोन्हींचा मेळ तासन्‌तास सांभाळायचा, हे कौशल्य लहानपणापासून अंगात मुरवावे लागते. गजाचे फटके आखूड, जोरकस असतात. एका तारेवर चाल चालू असताना शेजारची तार आधारासाठी गुंजत राहते.

चालींचे मूळ पाहिले तर जाणकारालाही आश्चर्य वाटेल. रील आणि जिग या नाचाच्या चालींपैकी बऱ्याच स्कॉटिश किंवा आयरिश शेजाऱ्यांकडून आल्या आहेत. फ्रेंच गाणी अकेडियनांनी कंठात जपली, पण नाचासाठी शेजाऱ्यांचे संगीत मोकळ्या मनाने घेतले आणि पायांनी व गजाने ते आपले करून टाकले. बॅटरीवरच्या रेडिओमुळे ही देवघेव वाढली. केप ब्रेटन बेटावरच्या विन्स्टन ‘स्कॉटी’ फिट्झजेरल्ड यांच्या तबकड्या आणि रेडिओ कार्यक्रम ऐकून एव्हांजलिनच्या तरुणांनी कान तयार केले. साँ-क्रिझोस्तोमचे एडी आर्सेनो हे त्यांतलेच. १९२१ मध्ये जन्मलेल्या एडींनी स्कॉटिश चाली अकेडियन जोमाने वाजवल्या आणि पुढच्या कित्येक वादकांना त्यांचा घाट नमुना म्हणून मिळाला. परक्यांच्या चाली घेतल्याने शैली पातळ होते असे मानणाऱ्यांनी त्यांचे वादन ऐकावे.

ज्या रेडिओने शिकवले, त्याच्यामागून आलेल्या टीव्हीने श्रोते पळवले. १९५० आणि ६० च्या दशकांत मोटारी आल्या, तरुण शहरांतल्या नाचघरांकडे वळले, रोजगारासाठी गावे सोडू लागले. स्वयंपाकघरे रिकामी झाली आणि वाद्ये भिंतीवरच राहिली. १९७० च्या दशकात अटलांटिक कॅनडात या लोपाची जाणीव झाली. केप ब्रेटनच्या ग्लेनडेल गावी १९७३ मध्ये फिडलवादकांचा मोठा मेळावा भरला. पुढे प्रिन्स एडवर्ड आयलंडवरही वादकांच्या संघटना, मेळावे आणि वर्ग सुरू झाले. अमेरिकी संगीतकार आणि अभ्यासक केन पर्लमन यांनी १९९० च्या दशकात बेटावरच्या जुन्या वादकांचे ध्वनिमुद्रण केले, त्यांच्या चाली स्वरलिपीत उतरवल्या.

नव्या पिढीचे वळण बाराश्वा या चौकडीने दाखवले. तीत एडींचा मुलगा आल्बेर आणि मुलगी एलेन होती, फिडलवादक लुईझ आर्सेनो आणि चक आर्सेनोही होते. त्यांनी स्वयंपाकघरातली पायांची लय, विनोद आणि गाणी जशीच्या तशी रंगमंचावर नेली आणि उत्तर अमेरिका व युरोपात कार्यक्रम केले. तिथे त्यांच्या पायांखालच्या फळीलाही मायक्रोफोन लागू लागला. मुलींनी साथीलाच बसावे हा जुना संकेतही लुईझच्या जोरकस गजाने मोडला. पुढे आलेल्या व्हिश्तेन गटात बेटावरच्या पास्तेल आणि एमान्युएल लब्लाँ या जुळ्या बहिणी आहेत. बेटावर फ्रेंच ही मातृभाषा असलेले लोक आता चार टक्क्यांहून कमी उरले आहेत, आणि घरात इंग्रजी बोलणारी मुलेही अकेडियन फिडल शिकू लागली आहेत. शिकवण्याची रीत आजही बरीचशी जुनीच आहे: गुरू चाल एकेक तुकडा वाजवतो, शिष्य कानाने ती उचलतो आणि पायांचा सराव हातांच्या सरावाबरोबरच सुरू होतो.