होस्टिंग कंपनीचा इशारा

‘आपल्या वेबसाइटवरील सॉफ्टवेअर जुने झाले आहे, ते त्वरित अद्ययावत करावे,’ अशा अर्थाचा ई-मेल होस्टिंग कंपनीकडून येतो. तो इंग्रजीत असतो. ना मराठी, ना कन्नड. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ दुकानदार आणि मंडळे तो जाहिरात समजून सोडून देतात. ‘आमच्या एवढ्याशा साइटवर कोण कशाला येतो?’ असे त्यांचे म्हणणे. खरी फसगत येथेच होते.

घरफोडी करणारा माणूस श्रीमंताचे घर हेरतो. येथे मात्र फिरतो तो एक प्रोग्राम. मालक कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कुलूप कोणत्या बनावटीचे, एवढेच तो पाहतो. आणि कुलपातील दोष कळतो तो बहुधा दुरुस्तीवरूनच! जुनी व नवी प्रत शेजारी ठेवली की काय बदलले हे जाणकाराला ताडता येते. म्हणून दुरुस्ती जाहीर झाल्या क्षणापासून जुनी प्रत अधिकच धोक्याची ठरते.

ड्रुपल या सॉफ्टवेअरची एक दुरुस्ती १५ ऑक्टोबर २०१४ रोजी निघाली. दोन आठवड्यांनी त्याच्या सुरक्षा विभागाने कळविले की, घोषणेनंतर ७ तासांत ज्यांनी ती बसविली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असेच धरून चालावे. सात तास! आपण तर सात महिने ई-मेल उघडत नाही.

वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून किरकोळ दुरुस्त्या आपोआप बसतात खऱ्या; पण प्लगइनांचे तसे नाही, त्यांची स्वयंचलित सोय आपण सुरू करावी लागते. नको असलेले प्लगइन नुसते बंद करून भागत नाही, त्याच्या फायली सर्व्हरवर तशाच राहतात. ते काढूनच टाकावे. पीएचपीचीही मुदत असते. तिच्या ७.४ आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबल्या. मात्र नवी पीएचपी जुन्या प्लगइनला मानवेलच असे नाही, म्हणून आधी साइटच्या प्रतीवर प्रयोग करावा. फायली आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप अन्यत्र ठेवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

असे इशारे खोटेही असतात. ई-मेलमधील दुव्यावर न जाता कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जावे.

कंपनी आपल्यामागे का लागते? स्वस्त होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर अनेकांचे बिऱ्हाड असते. एका साइटवरून फसवे ई-मेल सुटू लागले की सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो, आणि शेजाऱ्यांची पत्रेही अडतात. मग कंपनी ती साइट बंद करते. त्यानंतर नुसते अपडेट पुरत नाही. आत लपविलेली फाइल शिल्लक राहते. बिघाडापूर्वीचा बॅकअप चढवून, लगेच अपडेट करून सारे पासवर्ड बदलावे लागतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण. साइट करून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेला असतो आणि होस्टिंगच्या खात्यावर ई-मेल त्याचाच असतो. इशारा येतो, पण मालकापर्यंत पोचतच नाही. तेव्हा त्या खात्यावर कोणाचा ई-मेल आहे, हे या आठवड्यातच पाहून घ्यावे.