वाहतुकीचा दंड आणि वकिलाचें साहाय्य

आमच्या जिल्ह्यांतून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, ज्यास आतां क्रमांक ५३ म्हणतात, भंडारा, लाखनी व साकोली या गांवांवरून पूर्वेकडे जातो. त्या रस्त्यानें कामास, बाजारास किंवा शाळेस जाणाऱ्या कुटुंबांपैकीं ज्यांच्या दारीं मोटारसायकल नाहीं अशीं आतां थोडींच. गाडीबरोबर गाडीचा कायदाही दारीं आला. पूर्वीं शिपाई चौकांत अडवून पावती फाडीत असे. आतां दंडाचा संदेश मोबाईलवर येतो, आणि तो येईपर्यंत आपण त्या दिवशीं कोठें होतों हें गृहस्थ विसरूनही गेलेला असतो. मग घरांत विचार सुरू होतो : मुकाट्यानें पैसे भरावे, कीं वकील देऊन लढावें? शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें वडील मंडळी म्हणतात. ही म्हण पुष्कळ कटु अनुभवांतून निघालेली आहे यांत शंका नाहीं. पण ती सरसकट प्रत्येक चलानास लावणें धोक्याचें आहे. आमच्या मतें पाहावयाचें तें दंडाच्या रकमेकडे नव्हे, तर त्या रकमेच्या पाठीमागें आणखी काय उभें आहे याकडे.

प्रथम दंड भरणें म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. सध्यां चालू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्यापूर्वीं १९३९ चा कायदा होता. २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती होऊन बहुतेक दंड वाढले. या कायद्याच्या कलम २०० अन्वयें लहान अपराध जागच्या जागीं पैसे घेऊन मिटवितां येतात. त्यास तडजोड-शुल्क म्हणतात, व तें किती असावें हें राज्य सरकार ठरवितें. आपण पावतीवर जी रक्कम भरतों ती बहुधा हीच. ती भरली म्हणजे खटला होत नाहीं, हें खरें. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनें येथें एक मेख मारून ठेविली आहे, आणि ती फारच थोड्या लोकांस ठाऊक आहे. असा मिटविलेला अपराध पुढें तोच अपराध पुन्हां घडला तर 'पहिला अपराध' म्हणून धरला जातो. शिवाय अतिवेग, धोकादायक वाहन चालविणें, हेल्मेट न घालणें अशा कांहीं अपराधांत पैसे भरल्यानंतरही परवाना ताब्यांत घेऊन निलंबनाची कार्यवाही करण्याचा पोलिसांचा अधिकार शिल्लक राहतो. हेल्मेटाच्या कलमांत, म्हणजे १९४-ड मध्यें, १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिने परवाना बाद होण्याची शिक्षाही लिहिलेली आहे. तेव्हां 'पैसे फेकले कीं झालें' ही समजूत पुरती खरी नाहीं.

तथापि सामान्य चलानाकरितां वकील करणें आम्हांस व्यवहारास धरून वाटत नाहीं. समजा, लाखांदूर तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्यास हेल्मेट नसल्याबद्दल चलान आलें, व हेल्मेट खरोखरच नव्हतें. वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत बुडालेली एक-दोन दिवसांची मजुरी, एवढें मिळून दंडाच्या कितीतरी पट होईल. आणि हातीं काय येईल? जें घडलें तें घडलेंच होतें. अशा वेळीं दंड भरावा व हेल्मेट विकत घ्यावें.

चलानच चुकीचें असेल तर गोष्ट निराळी. पण तेथेंही पहिली धांव वकिलाकडे नसावी. चलानासोबत बहुधा छायाचित्र असतें. तें आधीं नीट पाहावें. कॅमेऱ्यास अंकांत घोटाळा होतो, चिखलानें माखलेला क्रमांक उलटसुलट वाचला जातो, आणि आमच्या एम. एच. ३६ क्रमांकाच्या भलत्याच गाडीस नागपूरचें चलान येतें. छायाचित्रांतील गाडीचा रंग व बनावट आपल्या गाडीशीं जुळत नसेल तर तेवढाच पुरावा पुरेसा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार करण्याची सोय आहे. न जमल्यास नोंदणीपुस्तकाची नक्कल व गाडीचें छायाचित्र घेऊन वाहतूक शाखेंत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. यास कोणतीही फी लागत नाहीं. (मात्र दंडाचा म्हणून आलेला प्रत्येक संदेश खरा मानूं नये. संदेशासोबत आलेली अनोळखी फाइल उघडून बँकेंतील पैसे गमावल्याचे प्रकार सर्वत्र घडत आहेत. चलान खरें कीं खोटें हें सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालूनच पाहावें.)

खेड्यापाड्यांत याहून अधिक आढळणारा प्रकार विकलेल्या गाडीचा आहे. तुमसरच्या गृहस्थानें जुनी मोटारसायकल ओळखीच्या माणसास दिली, मुद्रांकाच्या कागदावर सह्या झाल्या, पैसे मिळाले, आणि परिवहन कार्यालयांत नांव बदलावयाचें तसेंच राहिलें. पुढें चलानें येतात तीं पहिल्या मालकाच्याच नांवें. कायदा मालक म्हणून नोंदणींतील नांवच ओळखतो. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१८ च्या एका निकालांत हें स्पष्ट केलें आहे. गाडी विकल्यावर राज्यांतल्या राज्यांत १४ दिवसांच्या आंत तशी सूचना देणें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे. येथें वकिलापेक्षां परिवहन कार्यालयांतील एक फेरी जास्त उपयोगी पडते, आणि ती लवकर केलेली बरी. त्या गाडीनें उद्यां कोणास उडविलें तर नुकसानभरपाईचा दावा याच नांवावर येईल.

प्रकरण न्यायालयांत गेलें म्हणून वकील लागतोच असेंही नाहीं. कलम २०८ प्रमाणें लहान अपराधाच्या समन्सावरच असें लिहावें लागतें कीं, आरोपीनें स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावें, अथवा ठरलेल्या तारखेपूर्वीं अपराध कबूल करून सांगितलेली रक्कम मनिऑर्डरनें पाठवावी व कबुली कूपनावरच लिहावी. कायद्याच्या या वाक्यावर जुन्या टपाली काळाचा शिक्का अजून ताजा दिसतो! आपलें म्हणणें स्वतः मांडण्यास कोणी अडवीत नाहीं. साध्या मराठींत, कागद हातीं ठेवून, काय घडलें तें क्रमानें सांगावें.

आतां वकील अवश्य करावा अशीं प्रकरणें. दारू पिऊन वाहन चालविण्याचा आरोप हें पहिलें. कलम १८५ खालीं पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊं शकतात, आणि हा अपराध पैसे भरून मिटवितां येत नाहीं. अपघातांत कोणी जखमी किंवा मृत झालें असेल तर मोटार कायद्याबरोबर भारतीय न्याय संहिताही लागू होते. निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास पांच वर्षांपर्यंत कैद आहे. तेथें एक शब्दही वकिलास विचारल्यावांचून लिहून देऊं नये. तसेंच ज्याची भाकरी परवान्यावर आहे, असा ट्रकचालक, शाळेच्या गाडीचा चालक किंवा एस. टी. चा चालक, यानें निलंबनाची नोटीस हलक्या हातानें बाजूस टाकूं नये. परवाना बाद करण्यापूर्वीं अधिकाऱ्यानें त्याचें म्हणणें ऐकणें आवश्यक आहे, व आदेशाविरुद्ध ३० दिवसांच्या आंत अपील करितां येतें. हे दिवस निघून गेले कीं चांगला वकीलही फारसें कांहीं करूं शकत नाहीं.

शेवटचें प्रकरण आमच्या विद्यार्थ्यांचें, आणि म्हणून त्याबद्दल जरा विस्तारानें लिहितों. शाळा सुटतांना फाटकाबाहेर एका स्कूटरवर तिघे असे आम्ही नेहमीं पाहतों, व त्यांतला हांकणारा बहुधा दहावीचाही नसतो. कायद्यानें १८ वर्षांखालील मुलानें मोटार वाहन चालवूं नये. १६ वर्षे पूर्ण झालेल्यास ५० सी. सी. पर्यंतच्या दुचाकीची सवलत आहे, पण बाजारांतल्या नेहमींच्या स्कूटरी त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. कलम १९९-अ काय म्हणतें तें पालकांनीं ऐकावें. मुलानें अपराध केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. गाडी पालकाच्या संमतीनेंच नेली असें न्यायालय गृहीत धरतें. आपणांस ठाऊक नव्हतें, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हें पालकानें सिद्ध करावयाचें. कायद्याचें नेहमींचें ओझें येथें उलट बाजूस गेलेलें आहे. 'किल्ली खुंटीवर होती, पोरानें नेली' हें सांगणें सोपें, पण सिद्ध करणें कठीण. येथें वकिलाचा खर्च वायफळ नव्हे.

वकील कोणता, हाही प्रश्न आहे. न्यायालयाच्या व परिवहन कार्यालयाच्या आवारांत 'मिटवून देतों' म्हणणारे दलाल असतात, आणि अलीकडे मोबाईलवरही तशा जाहिराती येतात. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणें वकिलानें गिऱ्हाईक मिळविण्यासाठीं जाहिरात करावयाची नसते, आणि खटला जिंकल्यास अमुक फी असा करारही करावयाचा नसतो. म्हणून जो जाहिरात करून निकालाची हमी देतो त्यापासून दूर राहावें. फी आधीं विचारावी, पावती मागावी, आणि कोऱ्या कागदावर सही करूं नये.

ज्यांस फी परवडत नाहीं त्यांचे हात बांधलेले नाहींत. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती व जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे यांस सरकारी खर्चानें वकील मिळतो. स्त्रियांस तर उत्पन्नाची अटच नाहीं. वेळोवेळीं भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतींत साचलेलीं चलानें मिटवितां येतात. तेथें न्यायालय-शुल्क नाहीं, वकील आणण्याची सक्ति नाहीं, पण तेथील निवाड्यावर अपीलही नाहीं, म्हणून चलान चुकीचें आहे असें ज्यास वाटतें त्यानें तडजोडीवर सही करण्यापूर्वीं तसें बोलून दाखवावें. अर्ज भंडाऱ्यास जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाकडे किंवा आपल्या तालुक्याच्या समितीकडे द्यावयाचा. सोबत चलानाची अथवा समन्साची प्रत आणि ओळखपत्र न्यावें.