दोन गोळ्या

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या दवाखान्यात सकाळी थोडा वेळ बसून पाहावे. बाकावर एखादे आजोबा असतात. बरे वाटू लागले म्हणून त्यांनी मधुमेहाची गोळी परस्पर सोडलेली असते. शेजारी त्यांचा नातू असतो. साध्या सर्दीसाठी त्याने फार्मसीतून प्रतिजैविक, म्हणजे ॲंटिबायोटिक, परस्पर आणून घेतलेले असते. जी गोळी रोज घ्यावयाची ती सुटली आणि जिची गरज नव्हती ती पोटात गेली!

मधुमेह आणि रक्तदाब पुष्कळदा काहीच दुखवीत नाहीत, हीच त्यांची मोठी खोड होय. वाढलेली साखर वर्षानुवर्षे मुकाट्याने डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची नासाडी करीत राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांहून अधिक, आढळले. गोळीने आकडा खाली आला म्हणजे रोग गेला असे नव्हे. गोळी चालू आहे म्हणून तो खाली आहे. चवथीच्या नेवऱ्यांच्या भरात गोळी विसरणारी मंडळी आमच्याही घरात आहेत, म्हणून हे जरा ठासून लिहीत आहोत.

आता नातवाची गोळी. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि प्रतिजैविक मारते ते जीवाणूंना. विषाणूंवर त्याची मात्रा चालत नाही. सर्दी आपोआप उतरते, श्रेय मात्र गोळीला मिळते. दरम्यान आपल्या आतड्यांत नांदणाऱ्या असंख्य जीवाणूंपैकी दुबळे मरतात आणि औषधाला दाद न देणारे थोडे उरतात. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक व्हावेत. (गणितप्रेमींनी दोनचा तिसावा घात काढून पाहावा.) शिवाय हा गुण ते अन्य जातींच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे आपण म्हणतो, ते चूक. निर्ढावतात ते जीवाणू. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. औषधाच्या पाकिटावरील उभी लाल रेघ हेच बजावते, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे घेऊ नये. आणि चिठ्ठी असली, तर त्यांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावे.

असे निर्ढावलेले जीवाणू एकाच घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आजोबांचे पाय साखरेने बधिर झालेले. कुळागरात अनवाणी फिरताना काटा रुतला तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळते. या वेळी मात्र प्रतिजैविक खरोखरीच हवे असते. डॉक्टर जखमेतील पू तपासणीस पाठवितात; प्रयोगशाळेत जीवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहण्यास दोन-तीन दिवस लागतात. साधी, स्वस्त औषधे चालत नाहीत असे उत्तर आले, तर पेडण्याहून बांबोळीस जावे लागते. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचे आजचे इस्पितळ तेथे आहे. तेथे शिरेतून भारी औषधे देतात. आणि तीही चालली नाहीत, तर पायाचे बोट किंवा पाऊलच कापण्याची वेळ येते.